साडेचार मिनिटांनी विझणारी फर्नेस

जानेवारी 2019 च्या शेवटच्या आठवड्यात शिकागो परिसरात जी थंडी पडली, ती इथे राहणारा कोणीही विसरलेला नसेल. बुधवारी, 30 तारखेला, ओहेर विमानतळावर पारा उणे 23 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 31 अंश सेल्सिअसच्या जवळ उतरला. शाळा बंद होत्या आणि टपालखात्यानेही त्या दिवशी पत्रांचे वाटप थांबवले होते. आमचे बाळ तेव्हा सहा आठवड्यांचे होते आणि बाळंतपणासाठी मिरजेहून आलेली आई आमच्याकडेच होती. आदल्या रात्री दोनच्या सुमारास मी बाळाला पाजायला उठले, तेव्हा थर्मोस्टॅट 71 अंश फॅरनहाइटवर लावलेला असूनही घरातले तापमान 64 दाखवत होते. पहाटेपर्यंत ते 62 वर आले.

फर्नेस, म्हणजे बेसमेंटमध्ये गॅस जाळून घरभर गरम हवा पाठवणारी भट्टी, पूर्ण बंद पडली असती तर ते निदान लगेच कळले असते. पण व्हेंटमधून, म्हणजे खोल्यांतल्या गरम हवेच्या झरोक्यांतून, हवा येत होती. कधी चांगली गरम, कधी कोमट, आणि मधूनच नुसता वारा. शेवटी बाळाला आईच्या कुशीत देऊन मी बेसमेंटमध्ये गेले आणि फोनवरचे स्टॉपवॉच लावून फर्नेससमोर बसले. फर्नेसच्या दारावर एक लहानशी काच असते. तिच्यातून बर्नरच्या निळ्या ज्वाळांची रांग दिसते. साडेचार मिनिटे त्या ज्वाळा स्थिर जळल्या आणि मग कोणी फुंकर मारावी तशा एकदम विझल्या. ब्लोअर, म्हणजे घरात हवा ढकलणारा मोठा पंखा, मात्र चालूच राहिला. सुमारे तीन मिनिटांनी धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा पुन्हा घुमू लागला, इग्नायटर नारिंगी झाला, बर्नर पेटले, आणि साडेचार मिनिटांनी पुन्हा विझले. असे मी चार वेळा पाहिले. उणे 20 अंशांच्या थंडीत घर गरम करणारी फर्नेस अर्ध्याच्या आसपास वेळ विझलेली राहणार असेल, तर घर थंड होणारच.

फर्नेसच्या बाबतीत मला सर्वांत आधी सांगावीशी वाटणारी गोष्ट हीच आहे, की तिला हात लावण्यापूर्वी ती किती वेळाने आणि कशी विझते हे घड्याळ लावून पाहावे. ‘फर्नेस सारखी बंद पडते’ हे एकच वाक्य लोक तीन अगदी वेगळ्या बिघाडांसाठी वापरतात. बर्नर पेटतच नसतील आणि नुसता छोटा पंखा फिरून थांबत असेल, तर प्रेशर स्विच (धूर नीट बाहेर ओढला जातो आहे का ते पाहणारा स्विच) किंवा धुराची वाट याकडे पाहावे. नव्या प्रकारच्या फर्नेसमध्ये भिंतीतून बाहेर काढलेला प्लॅस्टिकचा पाइप बर्फाने बुजला तरी असेच होते. बर्नर पेटून काही सेकंदांतच विझत असतील, तर बहुधा ज्वाळेत असलेल्या फ्लेम सेन्सरवर राखट थर बसलेला असतो आणि ज्वाळा आहे हे त्याला कळत नाही. पण बर्नर व्यवस्थित पेटून, काही मिनिटे जळून मग विझत असतील आणि ब्लोअर तसाच चालू राहत असेल, तर फर्नेस आतून जास्त तापते आहे आणि तिचा लिमिट स्विच तिला थांबवतो आहे, असे समजायला हरकत नाही. आमची फर्नेस या तिसऱ्या प्रकारात बसत होती. सर्किट बोर्डावरचा लाल दिवाही विशिष्ट गतीने लुकलुकत तेच सांगत होता; त्या लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा तक्ता फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. हा दिवा दार काढण्याआधी, काचेतूनच मोजून घ्यावा, कारण दार काढले की आतल्या बटणामुळे वीज तुटते आणि काही बोर्डांवर त्याबरोबर ती खूणही पुसली जाते.

लिमिट स्विच म्हणजे साधारण नाण्याएवढी एक धातूची चकती. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना जोडून ती बनवलेली असते, त्यामुळे ठरावीक तापमानाला ती टचकन उलटी वळते आणि विजेचा मार्ग तोडते. आमच्या स्विचवर ते तापमान 170 अंश फॅरनहाइट, म्हणजे 77 अंश सेल्सिअस असे छापलेले आहे. मार्ग तुटला की गॅसचा व्हॉल्व्ह बंद होतो, आणि ब्लोअर चालू ठेवून बोर्ड आतली उष्णता बाहेर काढत राहतो. चकती निवली की ती पुन्हा जागेवर येते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे रात्रभर मी जे पाहत होते, तो त्या स्विचचा दोष नव्हता. तो आपले काम चोख करत होता. प्रश्न असा होता की फर्नेस इतकी तापते का.

त्या रात्री मला आमच्या मिरजेच्या घरातला तांब्याचा बंब आठवला. बंबाच्या मधल्या नळीत जाळ असतो आणि भोवती पाणी. जाळाची आच पाणी घेते म्हणून तांबे सुरक्षित राहते. पाणी न भरता कोणी बंब पेटवला तर जाळ नेहमीचाच असतो, पण आच घ्यायला कोणी नसल्यामुळे बंबाचे सांधे सुटतात. आजी म्हणूनच आधी पाणी पाहायची आणि मगच काटक्या घालायची. फर्नेसमध्ये पाण्याच्या जागी हवा असते. पोलादी हीट एक्स्चेंजरच्या आतून जळता वायू जातो, बाहेरून ब्लोअर घरातली हवा ढकलतो, आणि ती हवा उष्णता घेऊन डक्टमधून खोल्यांत जाते. जाळ तेवढाच राहून हवा कमी पडली की पोलाद तापते. त्यामुळे फर्नेस जास्त तापते तेव्हा बहुतेक वेळा तिची आग वाढलेली नसते, तिची हवा अडलेली असते. हे एकदा मनात पक्के बसले की शोध कुठे घ्यायचा ते आपोआप कळते.

हे आकड्यांत मांडले तर आणखी स्पष्ट होते. आमची फर्नेस तासाला 1,00,000 बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचे इथले एकक) गॅस जाळते आणि तिची कार्यक्षमता 80 टक्के आहे; म्हणजे हवेला तासाला 80,000 बीटीयू मिळतात. हवेची घनता, तिची विशिष्ट उष्णता आणि तासाची 60 मिनिटे एकत्र केली की 1.08 हा गुणक येतो. फर्नेसमधून जाताना हवा जितके अंश फॅरनहाइट तापते त्याला 1.08 ने गुणून, त्या गुणाकाराने 80,000 ला भागले की मिनिटाला किती घनफूट हवा वाहते ते कळते. हवा 58 अंश तापत असेल तर प्रवाह सुमारे 1,280 घनफूट. 78 अंश तापत असेल तर तो जेमतेम 950. प्रवाह घटला की तापमानवाढ त्याच प्रमाणात चढते. फर्नेसच्या आतल्या पाटीवर ही तापमानवाढ किती असावी याची मर्यादा छापलेली असते. आमच्या पाटीवर ती 40 ते 70 अंश अशी आहे. या घरात आम्ही चार वर्षे राहत होतो, तरी ती पाटी मी तोवर कधी वाचली नव्हती.

हवा अडण्याची पहिली जागा म्हणजे फिल्टर. नोव्हेंबरमध्ये, बाळ येणार म्हणून, मी नेहमीचा फिल्टर सोडून दुकानातला सर्वांत बारीक, मर्व्ह 13 दर्जाचा (मर्व्हचा आकडा जितका मोठा, तितका फिल्टर बारीक), एक इंच जाडीचा फिल्टर आणून बसवला होता. बाळाला स्वच्छ हवा मिळावी एवढाच हेतू होता. पण इतका दाट फिल्टर एक इंच जाडीत बसवला तर त्याच्या घड्यांचे एकूण क्षेत्रफळ कमी पडते आणि नवा कोरा असतानाही तो हवेला बराच विरोध करतो. तीन महिन्यांची धूळ साचल्यावर तर विचारायलाच नको. मी फर्नेसच्या शेजारच्या भिंतीवरचा स्विच बंद केला, फिल्टर बाहेर काढला, आणि केवळ परीक्षा म्हणून तो न घालता फर्नेस पुन्हा चालू केली. या वेळी बर्नर साडेचारऐवजी नऊ मिनिटे जळले. फरक पडला होता, पण पुरेसा नव्हता. फिल्टरशिवाय फर्नेस चालवायची ती एवढ्याच वेळापुरती. कायमची तशी चालवली तर धूळ कुठे जाऊन बसते, ते पुढे येईलच. पहाटे माझ्या नवऱ्याने गॅरेजमधून मर्व्ह 8 चा जुना पण न वापरलेला फिल्टर शोधून काढला आणि आम्ही तो, त्याच्या कडेवरचा बाण फर्नेसच्या दिशेने ठेवून, बसवला.

सकाळी मी घरातले सगळे व्हेंट पाहायला निघाले. आमच्या घरात एकूण 14 व्हेंट आहेत आणि त्यांपैकी सहा बंद निघाले. पाहुण्यांची खोली, जेवणाची खोली, वरच्या मजल्यावरचे दुसरे न्हाणीघर, सगळीकडच्या पट्ट्या आवळून लावलेल्या होत्या. मी विचारल्यावर आई म्हणाली, “अगं, त्या खोल्यांत कोणी नसतं. तिथली ऊब बाळाच्या खोलीत यावी म्हणून मीच बंद केल्या त्या.” बाळंतिणीची खोली उबदार असावी म्हणून दारे-खिडक्यांच्या फटी बुजवण्यात जिचे आयुष्य गेले, तिला हे सुचणे अगदी स्वाभाविक होते, आणि इथे वीस-वीस वर्षे राहिलेले लोकही गॅसचे बिल वाचवण्यासाठी हेच करतात. पण बंद केलेल्या खोलीतली हवा दुसरीकडे तेवढीच वाढून जात नाही. डक्टमधला दाब वाढतो, ब्लोअरची एकूण हवाच कमी होते, आणि न वापरलेली उष्णता हीट एक्स्चेंजरमध्येच कोंडते.

त्याहून मोठी गोष्ट खालच्या बोळात होती. तिथे भिंतीच्या तळाशी परतीच्या हवेची मोठी जाळी आहे, आणि तिच्यासमोर, अगदी टेकून, गोधड्यांची पेटी ठेवलेली होती. “तिथून पायाला गार झोत लागतो सारखा,” आई म्हणाली, “म्हणून मी पेटी सरकवली.” गार झोत लागत होता हे खरेच होते. फर्नेस घरातली थंड हवा जमिनीलगतच्या त्या जाळीतून ओढून घेते, त्यामुळे जाळीच्या वाटेत उभे राहिले की पायांवरून वारा वाहतो. तो वारा जाळीतून बाहेर येत नाही, तो जाळीत आत जात असतो. मी पेटी बाजूला केली आणि एक कागदी रुमाल जाळीजवळ धरला. तो माझ्या हातातून सुटून जाळीला चिकटला आणि तसाच राहिला. आईने तो काढून स्वतः पुन्हा धरून पाहिला, एकदा खाली, एकदा वर. “म्हणजे हे घराचं नाक आहे,” ती म्हणाली, “आणि मी नेमकं तेच दाबून धरलं होतं.” इतक्या नेमक्या शब्दांत ही गोष्ट मला नंतर कोणत्याही तंत्रज्ञाने सांगितली नाही.

फिल्टर बदलल्यावर, व्हेंट उघडल्यावर आणि पेटी हलवल्यावर बर्नर 20 मिनिटांच्या वर जळू लागले आणि बुधवारी दुपारपर्यंत घर 67 पर्यंत पोहोचले. तो दिवस निभावला. तरीही वीस-बावीस मिनिटांनी लिमिट स्विच उघडतच होता, आणि याचा अर्थ हवा आणखी कुठेतरी अडत होती.

इथे एक प्रश्न मला छळत होता: हा दोष आधी कसा दिसला नाही? उत्तर थंडीच्या प्रमाणात आहे. डिसेंबरमध्ये बाहेर 30 अंश फॅरनहाइट असताना घराला लागणारी उष्णता कमी असते. फर्नेस आठ-दहा मिनिटे चालते, थर्मोस्टॅटचे समाधान होते, आणि लिमिटपर्यंत पोहोचण्याआधीच ती आपणहून थांबते. उणे 20 अंशांत मात्र तिला जवळजवळ अखंड चालावे लागते, आणि तेव्हाच दडलेली उणीव उघडी पडते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत फर्नेस बिघडली असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती आधीच बिघडलेली असते. थंडी फक्त तिची परीक्षा घेते.

त्याच दिवशी एका परिचितांनी फोनवर आपुलकीने सल्ला दिला, की लिमिट स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाका, म्हणजे फर्नेस बंद पडणार नाही आणि तंत्रज्ञ येईपर्यंत वेळ निघून जाईल. त्यांचा हेतू चांगला होता, पण या सल्ल्याबद्दल मला अगदी स्पष्ट बोलायचे आहे: तसे कधीही, एका रात्रीपुरतेही, करू नये. तो स्विच नसेल तर पोलाद तापत राहते, आजूबाजूचे लाकूड आणि तारा तापतात, आणि आग लागू शकते. शिवाय अति तापून हीट एक्स्चेंजरला तडा गेला, तर जळलेला वायू घरातल्या हवेत मिसळण्याची वाट तयार होते आणि त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे आणि मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे तापाची किंवा जागरणाची वाटतात. इलिनॉयमध्ये 1 जानेवारी 2007 पासून प्रत्येक झोपायच्या खोलीपासून 15 फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या बुधवारी मी दोन्ही मजल्यांवरचे अलार्म बटण दाबून तपासले आणि मगच बाळाला पाळण्यात ठेवले.

गुरुवारी संध्याकाळी एका कंपनीचा तंत्रज्ञ आला. तो फर्नेससमोर दहा मिनिटे होता. हीट एक्स्चेंजर फुटला आहे, फर्नेस 25 वर्षे जुनी आहे, 6,800 डॉलरमध्ये सोमवारी नवी बसवून देतो, असे त्याने सांगितले. तडा कुठे आहे ते दाखवा, असे मी म्हटले, तेव्हा तो दिसण्यासारख्या जागी नाही असे उत्तर मिळाले. त्याने कुठलेही तापमान मोजले नाही, कोणताही दाब मोजला नाही. घरात तान्हे बाळ असलेल्या बाईला, अशा कडाक्याच्या थंडीत, न मोजता असे सांगणे मला त्या दिवशीही योग्य वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पण धोक्याची शक्यता त्याच्या तोंडून ऐकल्यावर ती नुसती झटकून टाकणेही योग्य नव्हते. म्हणून थंडी ओसरेपर्यंत आम्ही थर्मोस्टॅट 66 वर उतरवला, बाळाच्या खोलीबाहेर आणखी एक अलार्म लावला, आणि खरोखर मोजमाप करणारा माणूस शोधू लागलो.

दरम्यान मी स्वतः एक मोजमाप केले. ओव्हनमधल्या पदार्थाचे तापमान पाहायला सळईसारखा थर्मामीटर मिळतो, तसे दोन घेतले. एक परतीच्या डक्टमध्ये फिल्टरच्या आधी घातला. दुसरा गरम हवेच्या डक्टमध्ये, फर्नेसपासून काही फूट दूर, वळणाच्या पलीकडे, कारण तापलेले पोलाद थेट ‘दिसेल’ अशा जागी थर्मामीटर ठेवला तर त्या पोलादाच्या धगीमुळे आकडा खोटा येतो. फर्नेसच्या डोक्यावरच्या पेटीला मात्र भोक पाडू नये. तिच्यात एअर कंडिशनरची कॉइल असते आणि ड्रिल तिच्यात घुसले तर हजारांचे नुकसान होते. फर्नेस पंधरा मिनिटे चालल्यावर परतीची हवा 64 आणि गरम हवा 142. वाढ 78 अंश. पाटीवरची कमाल मर्यादा 70. वरच्या गणिताप्रमाणे मिनिटाला 950 घनफूट. हवा अजूनही कमी होती, आणि आता ते माझ्याकडे आकड्यात लिहिलेले होते.

सोमवारी एक वयस्क, स्वतंत्रपणे काम करणारे तंत्रज्ञ आले. मी माझे आकडे त्यांच्यापुढे ठेवले; त्यांनी ते वाचले, मान डोलावली आणि पहिल्याने गॅसच्या मीटरकडे गेले. पाणी तापवण्याची टाकी आणि शेगडी बंद करायला सांगून, फक्त फर्नेस चालू ठेवून, एक घनफुटाच्या काट्याला पूर्ण फेरी घ्यायला किती वेळ लागतो ते त्यांनी मोजले: 37 सेकंद. एक घनफूट नैसर्गिक वायूत साधारण 1,030 बीटीयू धरले तर तासाला 1,00,000 च्या अगदी जवळ. म्हणजे गॅस बरोबर तेवढाच जळत होता, जास्त नाही. आग वाढलेली नाही हे एका काट्याच्या फेरीवरून सिद्ध करणे मला फार आवडले.

मग त्यांनी फर्नेसच्या खाली आणि वर, योग्य जागी, दोन बारीक भोके पाडून मॅनोमीटरच्या नळ्या लावल्या. ब्लोअरला किती दाबाविरुद्ध हवा ढकलावी लागते ते त्यावर कळते. त्याचे माप पाण्याच्या स्तंभाच्या इंचात घेतात. आमच्या फर्नेसच्या पाटीवर ही मर्यादा 0.5 इंच आहे. मॅनोमीटरवर 0.92 आले. ब्लोअरच्या मोटरचा कपॅसिटर 10 मायक्रोफॅरडचा, तो 9.6 निघाला, म्हणजे ठीक. ब्लोअरच्या चाकाची पाती थोडी मळलेली, पण बुजलेली नाहीत. नंतर त्यांनी एक नळी कॉइलच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे लावली, आणि बहुतेक सगळा दाब तिथेच खर्च होतो आहे असे दिसले.

कॉइलच्या पेटीवरची चंदेरी चिकटपट्टी कापून त्यांनी पुढचे पत्र्याचे झाकण काढले. ही कॉइल म्हणजे तंबूसारख्या एकमेकींकडे झुकलेल्या दोन चौकटी, ज्यांच्यात ॲल्युमिनियमच्या शेकडो पातळ पट्ट्या असतात आणि हवा त्यांच्या फटींतून जाते. वरून, बाहेरच्या बाजूने, ती अगदी स्वच्छ आणि चकचकीत दिसत होती. कोणीही पाहून ठीक आहे म्हणाले असते. त्यांनी लांब दांड्याचा आरसा तंबूच्या आत, खालच्या बाजूला सरकवला आणि त्यावर विजेरीचा झोत टाकला. हवा खालून येते, त्यामुळे मळही खालीच बसतो. आरशात पट्ट्या दिसतच नव्हत्या. जुन्या गोधडीतून निघालेल्या कापसासारखा एक करडा, दाट थर सगळीकडे चिकटला होता; बोटाने त्याचा कोपरा उचलला तर तो तुकड्याने, कापडासारखा, सोलून निघाला, आणि त्याच्या पोटातून पांढरी पिठी गळली. ती पिठी जिप्समची होती. आमच्या आधीच्या मालकांनी बेसमेंटमध्ये भिंती घातल्या होत्या. तेव्हा ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते) घासताना उडालेली धूळ, बहुधा फिल्टर न लावता किंवा खराब फिल्टर लावून चालवलेल्या फर्नेसने ओढून घेतली असावी. उन्हाळ्यात एअर कंडिशनर चालू असताना कॉइल ओली राहते, त्या ओलाव्यात पिठी बसली, आणि त्यावर दरवर्षी केस, तंतू आणि धूळ साठत गेली.

मऊ ब्रश पट्ट्यांच्या दिशेनेच, वरून खाली, हळूहळू ओढत आणि व्हॅक्यूमची नळी शेजारी धरत त्यांनी ते सगळे काढले. आडवा ब्रश मारला तर पट्ट्या वाकतात आणि फटी कायमच्या बंद होतात, म्हणून घाई करायची नाही, असे ते म्हणाले. तीन तास लागले आणि एक मोठी पिशवी भरली. त्यानंतर त्यांनी हीट एक्स्चेंजर पाहिला. बर्नर बाजूला काढून प्रत्येक कप्प्यात छोटा कॅमेरा घातला आणि पडद्यावर मला प्रत्येक वळण दाखवले. तडा नव्हता. फर्नेस चालू करून, ब्लोअर सुरू होण्याच्या क्षणी ज्वाळा हलतात किंवा पिवळ्या होतात का ते पाहिले. त्या स्थिर आणि निळ्याच राहिल्या. व्हेंटमधल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड शून्य. मात्र एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली: लिमिट स्विच असा वारंवार उघडत राहिला तर पोलाद पुन्हा पुन्हा फुगते आणि आकसते, त्यातूनच एक दिवस तडा जातो, आणि स्विचची चकतीही थकून पुढे कमी तापमानालाच उलटू लागते. आमचा स्विच रात्रीतून कित्येक वेळा उघडलेला होता, म्हणून त्यांनी त्याच मापाचा, त्याच तापमानाचा नवा स्विच घातला. जास्त तापमानाचा स्विच घातला तर लक्षण जाईल आणि रोग राहील.

सगळी झाकणे लावून, फर्नेस चालवून पुन्हा मोजले, तेव्हा मॅनोमीटरवर 0.58 आले आणि तापमानवाढ 58 अंश. त्या संध्याकाळी मी बर्नर 40 मिनिटे सलग जळताना पाहिले. या कामाचे 480 डॉलर झाले. उरलेला जास्तीचा दाब एक इंची फिल्टर आणि थोडा अरुंद परतीचा डक्ट यांमुळे आहे असे त्यांचे मत पडले. त्या उन्हाळ्यात आम्ही चार इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घेतली. तिच्यात मर्व्ह 13 चा फिल्टर घालूनही दाब 0.49 राहिला, म्हणजे बाळासाठी मला जी स्वच्छ हवा हवी होती ती योग्य मार्गाने मिळाली.

इथे नवे घर घेणाऱ्या आपल्या लोकांपैकी बहुतेकांनी फर्नेस लहानपणी पाहिलेलीच नसते, आणि त्यामुळे पहिल्या थंडीत कोणी काहीही सांगितले तरी ते खरे मानावे लागते. म्हणून तंत्रज्ञाला बोलावताना फोनवरच विचारावे, की तुम्ही तापमानवाढ आणि स्टॅटिक प्रेशर (ब्लोअरला ज्या दाबाविरुद्ध हवा ढकलावी लागते तो) मोजून, लिहून देता का. हीट एक्स्चेंजर फुटला आहे असे सांगितले तर चित्र मागावे. आणि एक अपवाद लक्षात ठेवावा: बर्नरच्या तोंडाशी रोलआउट स्विच नावाचा आणखी एक स्विच असतो, त्यावर हाताने दाबायचे छोटे बटण असते आणि ज्वाळा जागा सोडून बाहेर आली तरच तो उघडतो. तो उघडलेला असेल तर बटण दाबून फर्नेस पुन्हा चालू करू नये. गॅस बंद करावा आणि माणूस येईपर्यंत विजेच्या हीटरवर, जाड पांघरुणांवर किंवा शेजाऱ्यांच्या घरी वेळ काढावा.

आई एप्रिलमध्ये मिरजेला परत गेली. त्याआधी, बाळाचे टोपडे विणून उरलेल्या पिवळ्या लोकरीचा एक वीतभर धागा तिने बोळातल्या जाळीच्या वरच्या पट्टीला बांधून ठेवला. फर्नेस बंद असते तेव्हा तो सरळ खाली लोंबतो. ब्लोअर सुरू झाला की आत ओढला जाऊन जाळीला चिकटतो. दर नोव्हेंबरमध्ये मी थर्मामीटर लावून तापमानवाढ मोजते आणि फर्नेसच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहिते: 57, 59, 58, 60. पण रोज येता-जाता माझी नजर जाते ती त्या धाग्याकडे.